सुट्टीचा ऑटो-रिप्लाय जात नाही? आधी सर्व्हर कुठे गप्प बसला ते शोधा

सुट्ट्यांचा हंगाम जवळ आला की माझ्याकडे एकाच साच्यातल्या तक्रारी यायला लागतात. "ऑटो-रिप्लाय लावलाय, पण कुणालाच जात नाही." दोन दिवसांनी दुसऱ्या कुणाची तरी: "परवा जात होता, आज बंद पडला." आणि अधूनमधून एखादी, जिची मला खरी धास्ती वाटते: "एकाच पत्त्यावर रात्रभर जातोय, थांबवा." तक्रारी त्याच, पण कारण दर खेपेला निराळं निघतं. मागच्या खेपेचा उपाय डोळे झाकून लावला की नवीनच काहीतरी बिघडतं. मी ते केलेलं आहे.

खालचं सगळं पोस्टफिक्स (मेल घेणारा आणि पाठवणारा), डव्हकॉट (मेल मेलबॉक्समध्ये ठेवणारा) आणि डव्हकॉटसाठी सिव्ह स्क्रिप्ट, म्हणजे आलेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारे नियम, चालवणारा पिजनहोल या जोडणीबद्दल आहे. सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलीत ती रोमन लिपीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून सापडतील. नावं डव्हकॉट २.३ मधली आहेत. २.४ मध्ये प्लगिन नावाचा जुना ब्लॉकच गेला आणि बरीच नावं बदलली, तेव्हा तिथे नक्कल-चिकटव करू नका.

सुरुवातीला डोक्यातली एक समजूत काढून टाकावी लागते. आपल्याला वाटतं, ऑटो-रिप्लाय म्हणजे मेल आली की उत्तर धाडायचं, एवढंच. प्रत्यक्षात हा प्रोग्रॅम उत्तर देण्यापेक्षा उत्तर न देण्याचाच जास्त विचार करतो. १९८६ च्या ४.३ बीएसडी या युनिक्स प्रणालीत व्हेकेशन नावाची छोटी कमांड आली. तिचं मॅन्युअल उघडलं तर बराच मजकूर कुणाला उत्तर जाणार नाही याचाच आहे. पुढे २००४ साली आरएफसी ३८३४ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) आपोआप जाणाऱ्या उत्तरांचे सर्वसाधारण नियम घातले आणि २००८ च्या आरएफसी ५२३० ने सिव्हमधल्या व्हेकेशनचे. दोन्हींचा रोख एकच: शंका असेल तर गप्प बस. त्यामुळे "का चालत नाही" असं विचारत बसलं की माणूस भरकटतो. "कुठल्या नियमाने नकार दिला" असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा लॉगमध्येच लिहिलेलं असतं.

आधी तीन जागा

मेल आली, स्क्रिप्ट चाललीच नाही. किंवा चालली, पण रिप्लाय द्यायचा नाही असं ठरलं. किंवा रिप्लाय निघाला आणि वाटेत मेला. या तिन्हींत वापरणाऱ्याला दिसतं ते एकच, म्हणजे काहीच नाही. म्हणून काहीही बदलायच्या आधी कुठल्या जागेवर आहोत ते ठरवायचं.

एक चाचणी मेल पाठवा, तिचा मेसेज-आयडी (हेडरमधला तिचा ओळखक्रमांक) घ्या आणि तो मेल लॉगमध्ये ग्रेप करा, म्हणजे शोधा. पोस्टफिक्सने मेल घेतल्याची ओळ दिसेल आणि पुढे एलएमटीपीची, म्हणजे पोस्टफिक्सकडून मेल स्वीकारणाऱ्या डव्हकॉटची ओळ, जिच्यात "सिव्ह" हा शब्द हवा. "सिव्ह" दिसतच नसेल तर पहिली जागा. "डिस्कार्डिंग" किंवा "डिस्कार्डेड" दिसलं तर दुसरी. "सेंट व्हेकेशन रिस्पॉन्स टू" दिसलं तर सर्व्हरने आपलं काम केलेलं आहे आणि शोध पोस्टफिक्सच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला हलवायचा.

इथे एक खोड लक्षात ठेवा. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रिप्टमधल्या चुका सर्व्हरच्या मुख्य लॉगमध्ये सविस्तर येत नाहीत. त्या त्याच्या होम डिरेक्टरीमध्ये, स्क्रिप्टच्याच शेजारी, त्याच नावापुढे डॉट लॉग लावलेल्या फाइलीत जातात. मी सुरुवातीच्या काळात मुख्य लॉग चाळत अर्धा दिवस घालवला होता आणि चूक त्या बारीकशा फाइलीत पहिल्याच ओळीला होती: कुणीतरी हाताने स्क्रिप्ट लिहिताना वरच्या रिक्वायर ओळीत, जिथे वापरायची एक्स्टेन्शन्स सांगायची असतात, व्हेकेशन लिहायचंच विसरलं होतं.

"काल गेला, आज नाही"

हा बिघाड नाही, पण सगळ्यात जास्त तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, याचीच.

एका पाठवणाऱ्याला ठरावीक काळात एकदाच रिप्लाय जातो. पिजनहोलमध्ये काही सांगितलं नाही तर हा काळ सात दिवसांचा. लोक काय करतात? रिप्लाय लावतात, स्वतःच्या खासगी पत्त्यावरून एक मेल टाकतात, उत्तर येतं, खूश होतात. मग मजकुरात शंका येते, परत तपासायला दुसरी मेल टाकतात आणि उत्तर येत नाही. झालं, तिकीट. जीमेलमध्ये हीच मर्यादा चार दिवसांची आहे, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला सात दिवस म्हणजे बंदच पडल्यासारखं वाटतं.

लॉगमध्ये यासाठी "डिस्कार्डेड डुप्लिकेट व्हेकेशन रिस्पॉन्स" अशी ओळ येते. ती दाखवली की विषय मिटतो.

काहीजण मग स्क्रिप्टमध्ये डेज शून्य लिहितात. उपयोग नाही, सर्व्हरवरची किमान मर्यादा एक दिवसाची असते आणि शून्य तिथपर्यंत वर ओढलं जातं. प्रत्येक मेलला उत्तर हवंच असेल तर व्हेकेशन-सेकंड्स हे वेगळं एक्स्टेन्शन चालू करावं लागतं आणि किमान मर्यादाही खाली आणावी लागते. माझं मत विचाराल तर करू नका. का ते पुढे रात्रभरच्या गोष्टीत येईल.

कुणाला कधी उत्तर दिलं याची नोंद वापरणाऱ्याच्या होममध्ये "डॉट डव्हकॉट डॉट एलडीए-ड्यूप्स" या फाइलीत राहते. चाचणीसाठी ही फाइल उडवायचा मोह होतो. उडवली तर आधी उत्तर मिळालेल्या सगळ्यांना पुन्हा उत्तर जाईल. त्यापेक्षा दुसऱ्या पत्त्यावरून मेल पाठवा. आणखी एक: स्क्रिप्टमध्ये रिप्लायला हँडल, म्हणजे ओळखनाव, दिलेलं नसेल तर मजकूर किंवा विषय बदलला की सर्व्हर तो नवा रिप्लाय समजतो आणि हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. मजकुरातला स्वल्पविराम सुधारला म्हणून पन्नास ग्राहकांना दुसऱ्यांदा रिप्लाय गेला, तर ते नियमानेच झालं आहे.

याची उलट बाजूही पाहिली आहे. डव्हकॉट कंटेनरमध्ये, मेल कायमच्या व्हॉल्यूमवर, पण होम मात्र कंटेनरच्या आत. कंटेनर नव्याने बनवला की ड्यूप्सची फाइल गायब आणि सगळ्यांना पुन्हा रिप्लाय. मेलबॉक्स शाबूत असल्यामुळे होमकडे कुणाचं लक्षच जात नाही.

पाकिटावरचा पत्ता, पत्रावरचा पत्ता

आता खऱ्या दुखण्याकडे. दुसऱ्या जागेवरच्या तक्रारींत, डुप्लिकेट सोडले तर, याचाच वाटा मोठा.

एका कामावर लेखा विभागाच्या प्रमुख बाईंची तक्रार आली. "ऑफिसातल्यांना रिप्लाय जातो, बाहेरच्यांना जात नाही." वाक्य असं होतं की मी थेट बाहेर जाणाऱ्या वाटेवर गेलो. रिले (बाहेरची मेल पुढे नेणारा सर्व्हर) तपासला, पोर्ट तपासले, समोरच्या सर्व्हरची काळी यादी तपासली. दोन तास गेले. मग मुकाट्याने लॉग उघडला, तर तिथे स्वच्छ लिहिलेलं: "डिस्कार्डिंग व्हेकेशन रिस्पॉन्स फॉर मेसेज इम्प्लिसिटली डिलिव्हर्ड टू", आणि पुढे बाईंचा पत्ता.

झालं होतं असं. बाईंचा खरा मेलबॉक्स आद्याक्षरांच्या छोट्या नावाचा. ऑफिसातले सगळे तोच वापरत. व्हिजिटिंग कार्डावर मात्र पूर्ण नाव-आडनावाचा पत्ता, जो पोस्टफिक्समध्ये एलिअस म्हणून त्या छोट्या नावाकडे वळवलेला. ग्राहक कार्डावरून लिहिणार. पोस्टफिक्स एलिअस उलगडतो, पाकिटावर (म्हणजे मेल देताना एक सर्व्हर दुसऱ्याला सांगतो त्या पत्त्यात) छोटं नाव लिहितो आणि डव्हकॉटच्या हातात देतो. डव्हकॉट पाकीट वाचतो: छोटं नाव. आतलं पत्र उघडतो: "प्रति" मध्ये कुणीतरी वेगळंच, पूर्ण नावाचं. त्याला हे एकाच माणसाचे दोन पत्ते आहेत हे कुठून कळणार? त्याला वाटतं, ही मेल आपल्या माणसाला उद्देशून नाही, मेलिंग लिस्टवरून किंवा बीसीसीने आलेली आहे. आरएफसी ५२३० सांगतो की वापरणाऱ्याचा ओळखीचा पत्ता प्रति, सीसी वगैरे हेडरमध्ये नसेल तर उत्तर द्यायचं नाही. म्हणून गप्प.

साधा आणि सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्ये व्हेकेशनला "ॲड्रेसेस" ही यादी देणं आणि तिच्यात त्या माणसाचे सगळे एलिअस लिहिणं. राउंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये याच्यासाठी वेगळा रकाना असतो. लोक तो रिकामा सोडतात, कारण "माझे पत्ते" म्हटल्यावर त्यांना वाटतं सर्व्हरला माहीत असतील.

दुसरा उपाय सर्व्हरच्या बाजूने: "सिव्ह व्हेकेशन यूज ओरिजिनल रेसिपियंट" चालू करायचं. मग पाकिटावर मुळात लिहिलेला पत्ताही तपासला जातो. पण तो मूळ पत्ता डव्हकॉटपर्यंत पोचायला हवा आणि घोडं तिथेच अडतं. जुन्या पद्धतीने डव्हकॉट-एलडीए (मेलबॉक्समध्ये मेल टाकणारा डव्हकॉटचा प्रोग्रॅम) पाइपने चालवत असाल तर पोस्टफिक्सच्या मास्टर डॉट सीएफमध्ये त्याला एफ पर्यायाने पाठवणारा आणि ए पर्यायाने मूळ पत्ता द्यावा लागतो. एलएमटीपी वापरत असाल तर पोस्टफिक्स ३.५ पासून एलएमटीपी क्लायंटलाही ओ हा फ्लॅग देता येतो, त्याने एक्स-ओरिजिनल-टू हेडर चढतं. मात्र त्यासाठी एका वेळी एकच पत्ता देण्याची मर्यादा, म्हणजे एलएमटीपी डेस्टिनेशन रेसिपियंट लिमिट १, लावावी लागते. मग डव्हकॉटला "एलडीए ओरिजिनल रेसिपियंट हेडर" मध्ये त्या हेडरचं नाव सांगायचं.

तिसरा उपाय शोधलात की पहिल्यांदा सापडतो तो: "सिव्ह व्हेकेशन डोन्ट चेक रेसिपियंट". एक ओळ, सगळ्या तक्रारी बंद. मी हा एकदा लावला होता. पुढच्या आठवड्यात आमच्या माणसांचे सुट्टीचे निरोप बीसीसीने आलेल्या प्रत्येक पत्रकाला उत्तर म्हणून जायला लागले, आणि एक तर एका घाऊक पाठवणाऱ्याकडे गेला ज्याला आता हा पत्ता जिवंत असल्याचं पक्कं कळलं. तपासणी बंद करणं म्हणजे कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून देणं. भुंकणं थांबतं खरं.

याच टप्प्यावर सिव्ह-टेस्टबद्दल सावध करतो. ही कमांड स्क्रिप्ट आणि मेलची फाइल घेऊन काय काय होईल ते छापते. छान आहे, अटी तपासायला मी रोज वापरतो. पण ती "व्हेकेशन मेसेज पाठवेन" असं छापते तेव्हा फक्त स्क्रिप्ट तिथपर्यंत पोचली एवढंच सिद्ध होतं. पत्ता ओळखीचा आहे का, आधी उत्तर दिलं आहे का, लिस्टची हेडर आहेत का, हे पिजनहोल प्रत्यक्ष अंमलबजावणीच्या वेळी तपासतो. सिव्ह-टेस्टने हो म्हटलं आणि प्रत्यक्षात गेला नाही, यात विरोधाभास नाही.

खऱ्या मेलवर बघायचं असेल तर ट्रेस लावा. "सिव्ह ट्रेस डिर" मध्ये होमखालची एखादी डिरेक्टरी सांगायची, पातळी मॅचिंग ठेवायची. गंमत अशी की ती डिरेक्टरी अस्तित्वातच नसेल तर ट्रेस लिहिला जात नाही. म्हणजे सेटिंग कायमचं लावून ठेवा, आणि ज्याची तक्रार आली त्याच्याच होममध्ये डिरेक्टरी बनवा. काम झालं की काढून टाका. रीस्टार्ट नको, बाकीच्यांच्या मेलला हात नको.

स्क्रिप्ट चाललीच नाही तर

इथली कारणं रटाळ आहेत, पटापट सांगतो. पोस्टफिक्सचं व्हर्च्युअल ट्रान्सपोर्ट किंवा मेलबॉक्स ट्रान्सपोर्ट डव्हकॉटकडे जातच नसेल, पोस्टफिक्स स्वतःच मेलडिरमध्ये फाइल टाकत असेल, तर सिव्हला कळायचा प्रश्नच येत नाही. मेल व्यवस्थित पोचत राहते म्हणून हे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, एलएमटीपी प्रोटोकॉलच्या ब्लॉकमध्ये मेल प्लगिन्समध्ये सिव्ह हा शब्द हवा. एलडीएच्या ब्लॉकमध्ये असून उपयोग नाही. एलडीएवरून एलएमटीपीवर जाताना हे हमखास राहतं.

दोन वेबमेल असतील तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. सिव्हमध्ये एका वेळी एकच स्क्रिप्ट सक्रिय असते; एकाने आपली सक्रिय केली की दुसऱ्याची निष्क्रिय. वापरणारा पहिल्या वेबमेलमध्ये जाऊन बघतो, तिथे रिप्लाय "चालू" दिसतो. डव्हॲडम या डव्हकॉटच्या व्यवस्थापन साधनाच्या सिव्ह लिस्ट कमांडने त्या वापरणाऱ्याच्या स्क्रिप्ट बघा, सक्रिय कुठली ते तिथे खरं कळतं.

आणि एक, ज्याला मी दोनदा फसलो: वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टआधी चालणाऱ्या, सर्व्हरच्या सामाईक "सिव्ह बिफोर" स्क्रिप्टने मेल एखाद्या फोल्डरमध्ये टाकली, की वापरणाऱ्याची स्क्रिप्ट पुढे चालतच नाही. मूळ इनबॉक्समध्ये ठेवण्याची आपोआपची कृती रद्द झाली की साखळी तिथेच संपते. स्पॅमच्या बाबतीत हे आपल्याला हवंच असतं. पण कुणी तिथेच "बिलांच्या मेल बिलांच्या फोल्डरमध्ये" असा नियम घातला असेल तर त्या मेलना सुट्टीचा रिप्लाय कधीच जाणार नाही. फाइलइंटोला (मेल फोल्डरमध्ये टाकणाऱ्या कमांडला) कॉपी जोडलं की साखळी सुरू राहते. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या स्क्रिप्टमध्येही तेच बघा: व्हेकेशनच्या आधी कुठे स्टॉप लिहिलेलं आहे का. व्हेकेशन वर, फोल्डरांचे नियम खाली. आणि एका मेलसाठी व्हेकेशन एकदाच चालू शकतं; एकाच स्क्रिप्टमध्ये दोनदा चाललं तर एरर येते, आणि सामाईक स्क्रिप्टमध्ये एक आणि वैयक्तिक स्क्रिप्टमध्ये दुसरं असेल तर दुसरं सोडून दिलं जातं.

गेला, पण पोचला नाही

ही तिसरी जागा मला सगळ्यात नीट समजून घ्यावी लागली, कारण इथे अपयशही गप्प असतं.

सुट्टीचा रिप्लाय रिकाम्या पाठवणाऱ्याच्या नावाने निघतो. पाकिटावर "कडून" ची जागा कोरी. हेतू चांगला: रिप्लाय पोचला नाही तर त्याचा बाउन्स (न पोचल्याचं कळवणारी मेल) कुणाकडे परत येऊ नये, नाहीतर त्याला पुन्हा उत्तर जाईल. पण याचा अर्थ असाही की समोरच्याने ५५० (कायमच्या नकाराचा कोड) देऊन नाकारला तर कुणालाच कळत नाही. बाउन्सला जायला पत्ताच नाही. पोस्टफिक्सच्या लॉगमध्ये "फ्रॉम" पुढे रिकामे कोनी कंस आणि खाली "स्टेटस बाउन्स्ड", एवढीच खूण.

नाकारण्याची कारणं माझ्या पाहण्यातली मुख्यतः दोन.

एक, बाहेरची मेल ज्या रिलेतून जाते तो रिले रिकामा पाठवणारा घेत नाही. लॉगिन केलेल्या खात्याचाच पत्ता पाकिटावर हवा, असा त्याचा नियम असतो. इथे "सिव्ह व्हेकेशन सेंड फ्रॉम रेसिपियंट" चालू केलं की रिकाम्या जागी वापरणाऱ्याचा पत्ता येतो. किंमत एवढीच की न पोचलेल्या रिप्लायचे बाउन्स सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या इनबॉक्समध्ये साचतात. बाउन्स स्वतः रिकाम्या नावाने येत असल्यामुळे त्यांना उलट उत्तर जात नाही, फेरा लागत नाही.

दोन, डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डोमेनची डिजिटल सही. हे जरा बारकाईने बघू. रिकाम्या पाकिटावर एसपीएफ (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) तपासायला डोमेनच नसतं, म्हणून समोरचा हेलोमध्ये, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला, सांगितलेल्या सर्व्हरच्या नावावर एसपीएफ तपासतो. सर्व्हरचं नाव एका डोमेनचं आणि वापरणाऱ्याचा पत्ता दुसऱ्या, असं अनेक डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरवर सर्रास असतं. मग डीमार्कच्या (पत्रावरच्या डोमेनशी एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळतं का ते बघणाऱ्या नियमाच्या) दृष्टीने एसपीएफ जुळत नाही आणि सगळी भिस्त डीकेआयएमच्या सहीवर येते. आता वापरणाऱ्याच्या नेहमीच्या मेलवर सही असते, कारण त्या एसएमटीपीने येतात आणि एसएमटीपीडी मिल्टर्समधून (मेल तपासणाऱ्या, सही करणाऱ्या जोड-प्रोग्रॅममधून) जातात. सुट्टीचा रिप्लाय मात्र डव्हकॉट सेंडमेल कमांड चालवून पोस्टफिक्सला देतो. तो एसएमटीपीने आलाच नाही, म्हणून त्या मिल्टरला दिसत नाही, म्हणून सही नाही. "नॉन एसएमटीपीडी मिल्टर्स" हे वेगळं सेटिंग असतं आणि ते पुष्कळ ठिकाणी रिकामं असतं. डोमेनचं डीमार्क धोरण रिजेक्ट असेल तर रिप्लाय नाकारला जातो, क्वारंटाइन असेल तर समोरच्याच्या स्पॅममध्ये. वापरणाऱ्याच्या हाताने पाठवलेल्या मेल मात्र व्यवस्थित पोचतात, त्यामुळे तो शपथेवर सांगतो की "माझी मेल ठीक आहे, तुमचा ऑटो-रिप्लायच खराब आहे". बरोबरच बोलतो.

नॉन एसएमटीपीडी मिल्टर्समध्येही तोच मिल्टर लिहा. किंवा डव्हकॉटमध्ये "सबमिशन होस्ट" लिहून त्याला सेंडमेलऐवजी लोकलहोस्टच्या पोर्ट २५ वर एसएमटीपीने पाठवायला सांगा. मी आता नवीन सर्व्हरवर दुसराच मार्ग घेतो, कारण त्याने आणखी एक भानगड टळते: सिस्टमडीच्या (लिनक्सवर सेवा चालू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सर्व्हिस फाइलीत डव्हकॉटला नो न्यू प्रिव्हिलेजेस लावलेलं असेल तर त्याने चालवलेल्या सेंडमेलला, मेल रांगेत टाकायला लागणारा, पोस्टड्रॉप गटाचा अधिकार मिळत नाही. लॉगमध्ये पोस्टड्रॉपची "मेलड्रॉप... परमिशन डिनाइड" अशी ओळ येते. माणूस डिरेक्टरीच्या परवानग्या तपासत बसतो आणि त्या अगदी बरोबर असतात.

मजकुराची एक छोटी तक्रार इथेच उरकतो. देवनागरी रिप्लाय प्रश्नचिन्हांच्या रांगेसारखा पोचला तर बघा की तो जुन्या व्हेकेशन कमांडने जातोय का. तिची मजकुराची फाइल आहे तशी पाठवली जाते, त्यामुळे वर कंटेंट-टाइपमध्ये कॅरसेट यूटीएफ-८ स्वतः लिहावं लागतं. सिव्हमध्ये हे आपोआप होतं, फक्त माइम पर्याय लावला असेल तर मजकुराच्या सुरुवातीला हेडर आणि मग एक कोरी ओळ हवी. कोरी ओळ विसरलात तर तुमचं "नमस्कार" हेडर समजून गिळलं जातं.

रात्रभर चाललेली गोष्ट

एका पुरवठादाराची तिकीट यंत्रणा होती. तिला मेल गेली की ती नवं तिकीट उघडून पोच पाठवायची, आणि पोच प्रत्येक तिकिटासाठी नव्या पत्त्यावरून यायची, पत्त्यातच तिकिटाचा क्रमांक. पोचेवर ही मेल यंत्राची आहे असं सांगणारं ऑटो-सबमिटेड हेडर नव्हतं, प्रिसिडन्स नव्हतं, काहीच नव्हतं. आमच्या सर्व्हरला ती माणसाने लिहिलेली मेल वाटली. रिप्लाय गेला. त्या रिप्लायचं नवं तिकीट, नवी पोच, नवा पत्ता. सात दिवसांचा नियम पत्त्यावर चालतो आणि इथे पत्ता दर वेळी कोरा. दोन्ही यंत्रणा एकमेकींशी अत्यंत सभ्यपणे बोलत राहिल्या, सकाळी कुणीतरी ऑफिसात येईपर्यंत.

आमच्या रिप्लायवर ऑटो-सबमिटेड हेडर होतं आणि प्रिसिडन्स बल्कही होतं. समोरच्याने ती वाचायला हवी होती. पण समोरच्याला शहाणपण शिकवणं आपल्या हातात नसतं. असं चालू असताना आधी डव्हॲडमने त्या वापरणाऱ्याची स्क्रिप्ट निष्क्रिय करा, मग रांगेत उरलेले रिप्लाय होल्डवर टाका, विश्लेषण नंतर. त्यानंतर स्क्रिप्टमध्ये व्हेकेशनच्या आधी अट घाला, की पाकिटावरचा पाठवणारा त्या डोमेनचा असेल तर रिप्लाय नको. मी आता सामाईक यादीच ठेवतो. तिकीट यंत्रणा, पाळत ठेवणारे सर्व्हर, बिलं पाठवणाऱ्या सेवा त्यात जातात.

पत्ता दर वेळी कोरा होण्याची आणखी दोन कारणं कमी चर्चेतली आहेत. मेल मधल्या सर्व्हरने फॉरवर्ड केली आणि तिथे एसआरएस (फॉरवर्ड करताना पाकिटावरचा पाठवणारा बदलून लिहिण्याची पद्धत) चालू असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता बदललेला असतो, आणि त्या बदललेल्या पत्त्यात दिवसाचा ठसा असतो. बीएटीव्ही (खोटे बाउन्स ओळखण्यासाठी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर खूण घालण्याची पद्धत) वापरणाऱ्यांच्या पत्त्यातही तसाच. मग एकाच माणसाला सात दिवसांत एकदा ऐवजी रोज एकदा रिप्लाय जातो. "ऑटो-रिप्लाय रोज येतोय" अशी तक्रार आली आणि लॉगमध्ये तोच पत्ता आकड्यांनी थोडा थोडा वेगळा दिसला, तर हे समजा.

आणि तारखा

शेवटची तारीख घातलेली नसते ती तक्रार सुट्टीनंतर येते. माणूस कामावर रुजू होऊन आठवडा झालेला, आणि सर्व्हर अजून सगळ्यांना तो नाही म्हणून सांगतोय. सिव्हच्या डेट एक्स्टेन्शनमधली करंट-डेट चाचणी वापरून "या तारखेपासून, या तारखेपर्यंत" अशी अट घालता येते आणि बऱ्याच वेबमेलमध्ये त्याचे रकानेही असतात. फक्त टाइमझोन दिला नाही तर तारीख सर्व्हरच्या वेळेप्रमाणे बदलते. सर्व्हर यूटीसीवर आणि माणूस काही तास पुढे असेल, तर त्याचा रिप्लाय त्याच्या मध्यरात्री सुरू होत नाही, सकाळी उजाडल्यावर होतो. पहाटेचं विमान पकडून गेलेल्या माणसाला पहिल्या दोन-तीन मेलना उत्तर का गेलं नाही, याचा शोध मी अशाच एका सकाळी लावत बसलो होतो. अटीत झोन घातला, त्यांना कळवलं, आणि त्यांच्याकडून लगेच उत्तर आलं: ते रजेवर आहेत, तातडीचं काम असल्यास सहकाऱ्यांशी संपर्क साधावा.